एकाच माणसाचं यार्ड दोनदा विकत घेणारा माणूस: हालबेरी-रासीची केस

१९७२ साल. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याला ओरुस्ट नावाचं बेट आहे, त्या बेटावर एलोस नावाचं छोटंसं गाव, आणि त्या गावात शिडाच्या बोटी बांधणारा हॅरी हालबेरी नावाचा माणूस आता पुरे झालं म्हणून रिटायर व्हायला निघालाय. यार्ड घेतोय क्रिस्तोफ रासी, मूळचा जर्मन. आणि गंमत अशी की हा माणूस हॅरीचं यार्ड दुसऱ्यांदा विकत घेतोय. सात वर्षांपूर्वी, १९६५ ला, हॅरीला कुंग्सविकेनची जुनी जागा पुरेना म्हणून तो एलोसला शिफ्ट झाला, तेव्हा ती रिकामी झालेली जागा ह्याच रासीने घेतली होती. म्हणजे आधी जुनं घर घेतलं, मग मालकाचं नवं घरही घेतलं.

आता प्रश्न असा, की पाटीवर नाव कोणाचं लावायचं?

हा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाहीये. आपल्याकडे हे रोज दिसतं. दुकान विकलं जातं, नवा मालक येतो, पण पाटी जुनीच राहते कारण गिऱ्हाईक पाटी बघून येतं, नाहीतर मग नवा मालक पहिल्याच महिन्यात स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लावतो आणि सहा महिन्यांनी गल्ल्यावर माश्या मारत बसतो. रासीकडे दोन्ही पर्याय होते. त्याच्या स्वतःच्या नावावर तोपर्यंत एक हिट बोट होती, त्यामुळे तो काही कोणी नवशिका नव्हता. पण हालबेरी हे नाव बाहेरच्या देशांत जास्त माहीत होतं. त्याने दोन्ही नावं ठेवली, आणि मला विशेष वाटतं ते हे की हॅरीचं आधी, स्वतःचं नंतर. हालबेरी-रासी. पन्नास वर्षं उलटून गेली तरी बोटींवर हेच नाव लागतंय, आणि ही सगळी वर्षं कारभार रासी घराण्याकडेच आहे, हालबेरी घराण्याकडे नाही.

(नावाचा उच्चार बघून चक्रावू नका. स्वीडिशमध्ये असल्या शब्दांच्या शेवटचा ग हा ग नसतो, मी राहतो ते शहर नकाशावर गोटेनबर्ग दिसतं आणि इथले लोक त्याला योतेबोरी म्हणतात. हालबर्गचं हालबेरी तसंच.)

मी गाड्यांच्या इंडस्ट्रीतला माणूस, बोटींचा नाही. पण बालपण रेवदंड्याला गेल्यामुळे किनाऱ्यावर उलटी टाकलेली होडी आणि तिच्याखाली बसून शिवणीत काथ्या ठोकणारा माणूस हे चित्र डोक्यात पक्कं आहे. त्यामुळे ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ऑगस्टच्या शेवटच्या वीकएंडला तिकडचे बोटवाले यार्डं लोकांसाठी उघडी ठेवतात, चल बघायला, तेव्हा बायकोला घेऊन गेलो. योतेबोरीहून गाडीने दीड तासाच्या आसपास, शेउर्न बेटाचा उंच पूल लागतो, मग अजून एक पूल, मग ओरुस्ट. तो पहिला पूल तसा नवा आहे, आधीच्या पुलाच्या कमानीला १९८० च्या जानेवारीत रात्री धुक्यात एक मोठं जहाज धडकलं, पूल खाली आला आणि अंधारात ते न कळल्याने काही गाड्या सरळ पाण्यात गेल्या, आठ माणसं गेली. पुलावरून जाताना सहकाऱ्याने हे सांगितलं आणि मग पाच मिनिटं गाडीत कोणी काही बोललं नाही.

तर मूळ मुद्दा. ही केस समजायला हॅरीपासून सुरुवात करावी लागते. हॅरीने १९४३ ला, म्हणजे महायुद्ध चालू असताना, कुंग्सविकेनला स्वतःचं यार्ड काढलं. ओरुस्टवर लाकडी बोटी बांधणं ही काही नवी गोष्ट नव्हती, पिढ्यानपिढ्या चालत आलेला धंदा. पण बोट बांधायची म्हणजे एक गिऱ्हाईक, एक बोट, त्याला हवी तशी, अशी पद्धत. हॅरीचं वेगळेपण हे की तो एकाच डिझाइनच्या बोटी ओळीने बांधायला लागला. फोकबोट नावाची साधारण साडेसात मीटरची छोटी लाकडी बोट असते, ती त्याने बऱ्याच बांधल्या आणि त्यातल्या कितीतरी अमेरिकेला पाठवल्या. मग १९६३ ला त्याने पी-२८ नावाची बोट काढली, जिचं खालचं अंग फायबरग्लासचं आणि वरचा भाग महोगनीचा. अर्धं नवं, अर्धं जुनं. मला हा हॅरीचा स्वभाव वाटतो, नवीन मटेरियल घ्यायचं पण लोकांच्या हाताला लागतं आणि डोळ्याला दिसतं तिथे लाकूडच ठेवायचं. हॅरी गेला तरी हा स्वभाव यार्डात राहिला, ते पुढे येईलच.

इथे एक आपल्याकडची गोष्ट सांगायचा मोह होतो. साधारण त्याच वर्षांत मुंबईत सुहेली नावाची ३२ फुटी बोट बांधली जात होती, अख्खी सागवानाची, आपल्या सुतारांनी तासणीने तासून केलेली. तीच पुढे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९ ला एकट्याने, कुठेही न थांबता जगाभोवती फिरवली, ३१२ दिवस. ज्या दशकात ओरुस्टचे सुतार फायबरग्लासच्या वासाने नाक मुरडत होते त्याच दशकात मुंबईच्या सुतारांची बोट जगाला वळसा घालून आली. पण सुहेली एकच झाली. हॅरीच्या बोटी शेकड्यांनी होत होत्या. कौशल्यात आपण कमी नव्हतो, फरक एकामागून एक तशीच बोट काढण्यात होता.

रासी दुसऱ्या टोकाचा माणूस. कुंग्सविकेनची जागा घेतल्यावर दोन वर्षांत, १९६७ ला, त्याने रासमुस ३५ काढली. डिझाइन उल्ले एंडरलाइनचं. आज बघितली तर साधी वाटते, पण ह्या बोटीत पुढच्या सगळ्या बोटींचं बीज आहे. एक तर कॉकपिट, म्हणजे जिथे उभं राहून सुकाणू धरतात ती जागा, मागच्या टोकाला न ठेवता बोटीच्या मध्यावर आणली, त्यामुळे मागे एक वेगळी झोपायची केबिन निघाली. ३५ फुटात हे त्या काळी चैनीचं होतं. दुसरं म्हणजे खाली लांबच लांब कील, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा. आपल्याकडे कोकणात कीलला पठाण म्हणतात, तर हा पठाण पार मागेपर्यंत आणि सुकाणू त्यालाच लागलेलं, म्हणजे खडकाला घासली तरी आधी पठाण मार खातो, सुकाणू वाचतं. तिसरं, इंजिन दणकट. शिडाच्या बोटीला इंजिन म्हणजे कमीपणा असं मानणारे लोक तेव्हा होते, रासीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आणि चौथं म्हणजे काच. कॉकपिटच्या पुढे गाडीसारखी पक्की, फ्रेममध्ये बसवलेली काच. कापडी आडोसा नाही, खरी काच.

यार्डाच्या मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याला, एक जुनी रासमुस लागलेली होती आणि मालकाने वर येऊ दिलं म्हणून मी तिच्या कॉकपिटमध्ये उभा राहिलो. बाहेर चांगला वारा होता, स्वेटर घालून पण कान थंड पडलेले. काचेमागे बसलो आणि वारा एकदम बंद. बसकी जागा, खोल, पाठ टेकेल इतकी उंच कड, आणि काचेच्या फ्रेमच्या मागच्या बाजूला हात धरायला आडवा दांडा, जो हजारो वेळा धरून गुळगुळीत झालाय. समुद्रात बोट एका कुशीवर कललेली असताना तुम्ही तिथून आत उतरता तेव्हा हात आपोआप त्याच दांड्यावर जातो. कोणीतरी हे ड्रॉइंगवर नाही, समुद्रावर ठरवलंय हे कळतं. एकच गैरसोय, मागच्या केबिनमधून पुढच्या दिवाणखान्यात जायला आतून रस्ता नाही, वर कॉकपिटमध्ये यायचं आणि परत खाली उतरायचं, पाऊस असला तरी. ही गैरसोय यार्डाच्याही लक्षात होती, कारण रासमुसच्या जागी आलेल्या ३५२ नावाच्या बोटीत कॉकपिटच्या सीटखालून वाकून जायचा एक बोळ काढला. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला तो बोळ म्हणजे शिक्षाच आहे, पण कोरडं जाता येतं. रासमुस बोटी एकूण ७६० बांधल्या गेल्या, आणि ३५२ नावाच्या ८०२.

नावाचीही एक गंमत. उत्तर जर्मनी आणि बाल्टिककडच्या खलाशांमध्ये रासमुस म्हणजे वारा-समुद्राचा जो कोणी देव आहे तो. निघायच्या आधी पहिला घोट त्याला, समुद्रात ओतायचा. आपण नारळ देतो, हे दारू देतात. आम्ही गेलो तेव्हा नारळीपौर्णिमा दोन-चार दिवसांवर होती, मी हे त्या मालकाला सांगितलं तर त्याने विचारलं, नारळ बुडतो का तरंगतो. तरंगतो म्हटल्यावर म्हणाला, मग देवाला पोचतो कसा? ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता १९७२ कडे परत. दोन यार्डं एकत्र आली म्हणजे दोन स्वभाव एकत्र आले. हॅरीकडून आली ओळीने बोटी काढायची शिस्त, निर्यातीची ओळख, महोगनीचं काम करणारे हात. रासीकडून आली लांबच्या समुद्राला जायची बोट कशी असावी ह्याबद्दलची ठाम मतं. नावात दोघं आहेत तसे बोटीतही दोघं आहेत, असं मला वाटतं. मग दोन वर्षांतच, १९७४ ला, आली मॉन्सून ३१.

हो, मॉन्सूनच. स्वीडिशमध्ये स्पेलिंग थोडं वेगळं, पण आपलाच पाऊस. हॅरीच्या आधीच्या एका बोटीचं नाव मिस्त्राल, तो दक्षिण फ्रान्सचा वारा, त्याच चालीत ही मॉन्सून. डिझाइन परत एंडरलाइनचं. लांबी ९.३६ मीटर, वजन सव्वाचार टनाच्या आसपास. छोटी बोट, पण अंगाने भरलेली, खाली लांब कील, पुढे तीच काच, आणि अंगावर तो निळा पट्टा जो बघून लांबूनच कळतं की बोट कुठली. १९८२ पर्यंत ९०४ झाल्या. इतक्या संख्येने ह्या यार्डाची दुसरी कुठलीच बोट झाली नाही. आणि ह्यातल्या कित्येक पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्यात, ९ मीटरच्या बोटीत, ज्यात माझ्या बायकोच्या मते आमचं नुसतं लोणचं-पापडाचं सामान मावणार नाही.

काळ बघा पण. १९७३ चं तेलसंकट. फायबरग्लासचं रेझिन म्हणजे शेवटी पेट्रोलियमच. अशा वेळी चैनीची वस्तू बांधणारं यार्ड, नुकतं मोठं केलेलं, आणि ते वर येतं. मला ह्याचं कारण सरळ वाटतं, ते देशी गिऱ्हाइकावर अवलंबून नव्हते, बोटी बहुतेक बाहेरच जात होत्या, जर्मनी तर घरचंच मार्केट. आणि हॅरीचं नाव आधी ठेवण्याचा फायदा इथे झाला, परदेशातल्या जुन्या गिऱ्हाइकाला नवीन कंपनीशी ओळख करून घ्यायची गरजच पडली नाही.

पुढचा मोठा निर्णय डिझायनर बदलण्याचा, त्यावर फार वेळ घालवत नाही. एंडरलाइनच्या बोटी भक्कम पण ऐंशीच्या दशकात जग पुढे जात होतं, तेव्हा यार्डाने १९८८ च्या सुमाराला थेट अर्जेंटिनाचा हेर्मान फ्रेर्स गाठला. हा रेसिंगवाला माणूस, जगाभोवतीची व्हिटब्रेड शर्यत १९८१-८२ ला जिंकलेली फ्लायर त्याचीच. लोक म्हणाले असतील की बैलगाडीला फेरारीवाला आणला, पण जमलं, बोटी वेगवान झाल्या आणि आतलं घर घरच राहिलं. त्याची ३६ फुटी बोट सहाशेच्या वर गेली. जोडी आजही चालू आहे. लांब पठाण गेला, आता अलीकडच्या बोटींना तर दोन-दोन सुकाणू असतात, मागचा भाग रुंद. मरिनात रासमुस आणि नवी बोट शेजारी बघितली तर आजी आणि नात वाटतात, फक्त काच आणि पट्टा सारखा.

शेडमध्ये मात्र मी जास्त वेळ थांबलो. तिथे एक बोट होती जिला अजून डेक नव्हतं. वरून उघडी, शेंगेसारखी. आणि आत सगळं घर उतरवत होते, डेक बसायच्या आधीच, म्हणजे कपाटं, बंक, चुलीची जागा, सगळं वरून क्रेनने. आडव्या भिंती नुसत्या स्क्रूने नाही तर फायबरग्लासच्या पट्ट्यांनी बोटीच्या अंगाला चिकटवलेल्या, जेणेकरून सगळं मिळून एकच शरीर व्हावं. शेवटी डेक येतं आणि तेही आतून लॅमिनेट करून जोडतात. एकदा झाकण लागलं की बाहेरून सांधा शोधून दाखवा. आमच्याकडे गाडीच्या लाइनवर मिनिटाला मिनिट मोजतात, इथे एक बाई महोगनीच्या एका दाराच्या कोपऱ्यावर सँडपेपर फिरवत होती, मग हात फिरवायची, मग परत सँडपेपर, आणि मी तिथे कॉफी संपेपर्यंत उभा होतो तरी तोच कोपरा चालू होता. कोपरे सगळे गोल. समुद्रात माणूस फेकला जातो तेव्हा टोकदार कोपरा बरगडीत जातो, म्हणून.

टीका करणारे आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. जड आहेत, महाग आहेत, वारा कमी असला की सुस्तावतात हे जुन्या बोटींबद्दल खरंच. जुन्या बोटींच्या सागवानी डेकला हजारो स्क्रू मारलेले असायचे, त्या काळी बहुतेक सगळेच तसं करायचे, आणि चाळीस वर्षांनी त्यातला एकेक स्क्रू पाणी आत घ्यायला लागला की मालकाची झोप उडते. आता सागवान चिकटवतात. आणि सागवान येतं कुठून हा तर वेगळाच विषय आहे, बर्माचं राजकारण युरोपातल्या यॉटवाल्यांना असं डेकमार्गे भेटतं.

ह्या केसचा माझ्या मते सगळ्यात विचार करण्यासारखा भाग २००८ नंतरचा आहे. मंदीत चैनीच्या बोटीची ऑर्डर सगळ्यात आधी रद्द होते. ओरुस्ट आणि आसपास तेव्हा नावाजलेली बरीच यार्डं होती, स्वीडन यॉट्स गेली, शेजारची नायाड दिवाळखोरीत गेली. हालबेरी-रासीलाही माणसं कमी करावी लागली, ते काही जादूने वाचले नाहीत. पण वाचले. का? बोट चांगली होती हे उत्तर पुरत नाही, नायाडची बोट पण चांगलीच होती, तिचे मालक आजही तिच्यावर जीव टाकतात. मला वाटतं फरक मालकीत होता. घराण्याचं यार्ड असलं की वाईट वर्षात मालक कमी खातो आणि थांबतो. तोपर्यंत क्रिस्तोफचा मुलगा माग्नुस सूत्रं सांभाळत होता, आणि दरवाजावर ज्याचं आडनाव आहे तो माणूस यार्ड गुंडाळून दुसऱ्या धंद्यात सहज जाऊ शकत नाही. मालक अडकलेला असतो, आणि हे अडकणं अशा वेळी कामाला येतं. उलट बाजूही आहेच, पुढच्या पिढीला रस नसला की घराण्याचा धंदा एका दिवसात संपतो, आपल्याकडे अशी उदाहरणं गल्लोगल्ली.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. यार्डाचा सुट्या भागांचा वेगळा विभाग आहे आणि चाळीस-पन्नास वर्षं जुन्या बोटीचं हँडल, कडी, काचेचं रबर विचारायला लोक तिथेच येतात. यातून पैसा किती मिळत असेल माहीत नाही, पण त्यामुळे जुन्या बोटीची किंमत टिकते, जुन्याची टिकते म्हणून नवी घेणारा हिंमत करतो. मंदीत हेच उपयोगी पडलं असणार.

आपल्याकडे घराण्याचं म्हटलं की वाडिया आठवतात. लवजी वाडिया १७३६ ला सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या पिढ्यांनी गोदीत जहाजं बांधली, १८१७ चं ट्रिंकोमाली आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. तिथे उलटं झालं, वाडिया म्हणजेच जहाज बांधणारा, धंद्याचं आडनाव झालं. पण गोदी कंपनी सरकारची होती, त्यामुळे पाटीवर नाव कोणाचं हा प्रश्न त्यांच्यापुढे असा कधी आलाच नाही. अलीकडचं म्हणाल तर गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात म्हादेई नावाची शिडाची बोट झाली, २००९ ला नौदलात आली, आणि तीच घेऊन दिलीप दोंदे एकटे जगाभोवती जाऊन आले. ५६ फूट, आत लाकूड, वरून फायबरग्लास. हॅरीने बघितली असती तर त्याला आवडली असती.

निघताना मरिनात एक मॉन्सून दिसली, ७७ सालची, म्हातारं जोडपं कॉकपिटमध्ये दालचिनीचे बन खात बसलेलं. मी सांगितलं की तुमच्या बोटीचं नाव आमच्या पावसाचं आहे, एक जूनला केरळात येतो, मग आठवड्याभरात आमच्याकडे. आजोबांना गंमत वाटली, वर बोलावलं, कॉफी दिली. त्यांनी बोट दोनदा अटलांटिक पार नेली होती. तेवढ्यात पाऊस आलाच, इकडचा भुरभुर पाऊस, त्याला आम्ही पाऊस म्हणत पण नाही, आणि आम्ही चौघं त्या काचेमागे कोरडे बसलो. मी हळूच किंमत विचारली. असल्या बोटी आता बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीच्या भावात मिळतात म्हणाले.

मी बायकोकडे बघितलं. तिने बन संपवला, हात झटकले आणि मराठीत विचारलं, "आणि ठेवणार कुठे, बाल्कनीत?"